ह्यू बेनेट : माती संपू शकते हे आधी अमेरिकेला आणि मग जगाला पटवून देणारा माणूस

मे १९३४. न्यूयॉर्क शहरात भरदिवसा अंधारून आलं. ढग पावसाचे नव्हते, आकाशातून धूळ उतरत होती. ही धूळ दोन हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून, अमेरिकेच्या मधल्या मैदानी पट्ट्यातून आली होती. किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात असलेल्या जहाजांच्या डेकवरही तिचा थर साचला.

ती नुसती धूळ नव्हती. कुणाच्या तरी शेतातला सगळ्यात सुपीक थर हवेत उडून गेला होता.

असं काहीतरी होणार, हे एक सरकारी अधिकारी अनेक वर्षं सांगत होता. त्यांचं नाव ह्यू हॅमंड बेनेट. अमेरिकेत त्यांना मृदसंधारणाचे जनक म्हटलं जातं. अंगापिंडानं भक्कम असल्यामुळे लोक त्यांना बिग ह्यू म्हणायचे.

माती वाचवायची असेल तर देशांनी एकमेकांकडून शिकायला हवं, असं आज संयुक्त राष्ट्रांपासून सगळे सांगतात. बेनेट यांच्या हयातीत हा प्रयोग होऊन गेला. त्यातलं काय जमलं आणि काय फसलं, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की नीट कळतं.

कापसाच्या शेतातलं बालपण

बेनेट यांचा जन्म १५ एप्रिल १८८१ चा. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, अॅन्सन काउंटीमधल्या वेड्सबरो गावाजवळ त्यांच्या घरची कापसाची शेती होती. हा भाग उताराचा. वर्षानुवर्षं कापूस घेऊन जमीन थकलेली आणि पावसानं जागोजागी घळी पडलेल्या. माती वाहून जाते म्हणजे काय होतं, हे बेनेट यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलं. १९०३ मध्ये पदवी घेतली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या कृषी विभागातल्या मृदा कार्यालयात नोकरीला लागले. काम होतं माती सर्वेक्षणाचं. गावोगाव हिंडायचं, जमिनीत भोक पाडून नमुने काढायचे आणि कुठे कोणती माती आहे याचे नकाशे तयार करायचे.

शेजारी शेजारी दोन जमिनी

१९०५ मध्ये त्यांना व्हर्जिनिया राज्यातल्या लुईसा काउंटीत पाठवलं गेलं. तिथल्या जमिनी इतक्या नापीक का झाल्या, याचा शोध घ्यायचा होता.

तिथे बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्याला एकमेकींना लागून असलेल्या दोन जमिनी दिसल्या. एकीवर जंगल होतं. तिथली माती काळसर, ओलसर आणि इतकी भुसभुशीत की हातानंही उकरता येईल. दुसरीवर अनेक वर्षं शेती झाली होती. तिथे वर आली होती ती कडक, चिवट चिकण माती. उतार तोच, पाऊस तोच, खालचा खडकही तोच. मग फरक कशामुळे?

उत्तर असं होतं की शेतातला वरचा थर निघून गेला होता. तो एका पुरात गेला नव्हता. प्रत्येक पावसात कागदाएवढा पातळ थर वाहून जात होता. घळ पडली तर ती डोळ्यांना दिसते. असा चादरीसारखा सरकणारा थर मात्र दिसत नाही. शेतकऱ्याला फक्त इतकंच कळतं की उत्पन्न कमी होत चाललंय.

बेनेट यांना पुढच्या सगळ्या आयुष्याचं काम इथे सापडलं.

स्वतःच्याच खात्याशी मतभेद

अडचण अशी होती की ते ज्या कार्यालयात काम करत होते, त्याचे प्रमुख मिल्टन व्हिटनी यांचं मत अगदी उलट होतं. माती हे राष्ट्राचं असं धन आहे की जे कधी संपत नाही आणि नष्टही होत नाही, अशा अर्थाची मांडणी १९०९ च्या सरकारी प्रकाशनात छापली गेली. बेनेट रोज शेतात जे पाहत होते त्याच्याशी ही मांडणी जुळत नव्हती.

त्यांनी नोकरी सोडली नाही, पुरावे जमवत राहिले. कामानिमित्त पनामा कालव्याचा परिसर, अलास्का, मध्य अमेरिका आणि क्यूबा असा बराच प्रवास झाला. क्यूबाच्या मातीवर तर त्यांनी एका सहकाऱ्यासोबत अख्खं पुस्तक लिहिलं. हवामान बदललं, पीक बदललं, भाषा बदलली, तरी उघड्या उतारावरची माती सगळीकडे तशीच वाहून जाते, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

१९२८ मध्ये त्यांनी डब्ल्यू. आर. चॅपलाइन यांच्यासोबत एक सरकारी पत्रक प्रसिद्ध केलं. मातीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं. त्यानंतर टेक्सासचे खासदार जेम्स ब्यूकॅनन यांच्या पुढाकारानं धुपीच्या संशोधनासाठी १ लाख ६० हजार डॉलर मंजूर झाले. देशात दहा ठिकाणी प्रयोग केंद्रं उभी राहिली. कोणत्या उतारावर, कोणत्या पिकाखाली किती माती जाते, याचं मोजमाप सुरू झालं.

रशियातून आलेलं ज्ञान

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मातीकडे कसं पाहायचं, हे अमेरिका एकटीनं शिकली नाही.

एकोणिसाव्या शतकात रशियात वसिली डोकुचाएव यांनी दाखवलं होतं की माती म्हणजे खडकाचा नुसता भुगा नाही. हवामान, झाडंझुडपं, जीवजंतू, जमिनीचा चढउतार आणि काळ या सगळ्यांतून ती थराथरानं घडते. त्यांच्या परंपरेतले शास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन ग्लिंका यांचं पुस्तक जर्मन भाषेत आलं. जर्मनमधून ते इंग्रजीत आणलं कर्टिस मार्बट यांनी. हे मार्बट अमेरिकेच्या माती सर्वेक्षणाचे प्रमुख, म्हणजे बेनेट यांचे वरिष्ठ.

१९२४ मध्ये रोममध्ये आंतरराष्ट्रीय मृदाविज्ञान संस्था स्थापन झाली. १९२७ मध्ये तिची पहिली परिषद वॉशिंग्टनमध्ये भरली. तेव्हा अमेरिकेनं सोव्हिएत सरकारला मान्यताही दिलेली नव्हती. तरीही सोव्हिएत शास्त्रज्ञ आले, आणि परिषदेनंतर देशोदेशीचे शास्त्रज्ञ रेल्वेनं अमेरिका आणि कॅनडातली माती पाहत फिरले. राजकारणात दारं बंद असताना मातीचा अभ्यास करणारे एकाच खड्ड्यात उतरून थर मोजत होते.

माती थराथरानं आणि फार सावकाश घडते, हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. घडायला शेकडो वर्षं लागणारा थर एका पिढीत वाहून गेला तर काय? बेनेट हाच प्रश्न विचारत होते.

गवत गेलं, माती उडाली

अमेरिकेच्या मधल्या मैदानांवर पाऊस कमी आणि वारा जोराचा. तिथली माती धरून ठेवली होती गवताच्या दाट मुळांनी. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला आणि हे गवत नांगरून गहू पेरायचा सपाटा सुरू झाला. ट्रॅक्टर आल्यावर हा वेग आणखी वाढला. पुढे भाव कोसळले, तेव्हा तेवढेच पैसे हातात यावेत म्हणून अनेकांनी आणखी जमीन नांगरली.

१९३० च्या दशकात दुष्काळ पडला. पीक उभं राहिलं नाही आणि गवत तर आधीच गेलेलं. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या काही भागांत उघडी माती वाऱ्यावर उडू लागली. या पट्ट्याला डस्ट बोल हे नाव पडलं. घरात धूळ, अन्नात धूळ, फुप्फुसात धूळ. हजारो कुटुंबं गाव सोडून निघाली.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारनं सप्टेंबर १९३३ मध्ये अंतर्गत विभागाखाली मृदा धूप सेवा नावाची तात्पुरती संस्था सुरू केली. तिचे प्रमुख म्हणून बेनेट यांना नेमलं आणि ५० लाख डॉलर दिले.

धूळ राजधानीत पोहोचली

तात्पुरती संस्था कधीही बंद होऊ शकत होती. बेनेट यांना कायमचा कायदा हवा होता. त्याबद्दल एक किस्सा अमेरिकेत आजही सांगितला जातो.

१९३५ च्या वसंतात ते संसदेच्या समितीपुढे साक्ष देत होते. पश्चिमेकडून धुळीचं वादळ राजधानीकडे येतंय, याची माहिती त्यांना आधीच मिळाली होती. म्हणून त्यांनी बोलणं मुद्दाम लांबवलं. खिडकीबाहेर अंधारलं, खासदार उठून पाहायला गेले आणि बेनेट यांना आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

ही गोष्ट नंतरच्या लेखनात रंगत गेली. साक्ष आणि वादळ यांच्या वेळा इतक्या नेमक्या जुळल्या असं मानणं कठीण आहे. पण मार्च १९३५ मध्ये वॉशिंग्टनवर मैदानातली धूळ आली होती, हे खरं आहे. १४ एप्रिलला तर मैदानी पट्ट्यात इतकं भीषण वादळ झालं की तो दिवस काळा रविवार म्हणून ओळखला जातो.

त्यानंतर तेराच दिवसांनी, २७ एप्रिल १९३५ रोजी, मृदसंधारण कायदा झाला. कृषी विभागात कायमची मृदसंधारण सेवा स्थापन झाली आणि बेनेट तिचे पहिले प्रमुख झाले.

हुकूम नाही, करार

कायदा झाला, पण शेत तर शेतकऱ्याचं. सरकारनं सांगितलं म्हणून कोण नांगरणी बदलेल?

बेनेट यांच्या संस्थेनं १९३३ मध्येच विस्कॉन्सिन राज्यातल्या कून व्हॅलीत एक प्रयोग सुरू केला होता. एकेक शेत न घेता पूर्ण पाणलोट क्षेत्र घ्यायचं. कारण वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात येतं, त्यामुळे एकट्यानं बांध घालून भागत नाही.

शेतकऱ्यांशी पाच वर्षांचे लेखी करार झाले. शेतकऱ्यानं उताराला आडवी, म्हणजे समपातळी नांगरणी करायची. पिकांचे आणि गवताचे आलटून पालटून पट्टे ठेवायचे. तीव्र उतारावर गुरं सोडायची नाहीत, तिथे झाडं वाढू द्यायची. बदल्यात सरकार बियाणं, चुना, खत, तांत्रिक सल्ला आणि मजूर देणार. शेजाऱ्याच्या शेतात फरक दिसल्यावर बाकीचेही पुढे आले.

आपल्याकडे बांधबंदिस्ती आणि पाणलोट विकास हे शब्द गावागावात माहीत आहेत. त्यामागचा विचारही हाच आहे. धावतं पाणी चालतं करा, चालतं पाणी थांबवा आणि थांबलेलं मुरवा.

१९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांना पत्र लिहून स्थानिक मृदसंधारण जिल्ह्यांसाठी नमुना कायदा पाठवला. हे जिल्हे म्हणजे शेतकऱ्यांनी स्वतः स्थापन करायच्या आणि चालवायच्या संस्था. त्याच वर्षी ४ ऑगस्टला असा पहिला जिल्हा स्थापन झाला, तो ब्राउन क्रीक. तो होता अॅन्सन काउंटीत, म्हणजे बेनेट यांच्या स्वतःच्या मुलखात. आज अमेरिकेत असे जवळपास तीन हजार जिल्हे आहेत.

पण सगळीकडे करार झाला नाही. नैऋत्य अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या प्रदेशात अतिचराईमुळे धूप होते, असं सरकारनं ठरवलं आणि मेंढ्या, शेळ्या कमी करण्याची मोहीम सुरू केली. त्यात बेनेट यांच्या संस्थेचाही सहभाग होता. नावाहो कुटुंबांत कळपांची मालकी बहुतेकदा बायकांकडे असे. त्यांना विश्वासात न घेता हजारो जनावरं काढून नेली किंवा मारली गेली. कुटुंबं कंगाल झाली. त्या मोहिमेची कटू आठवण नावाहो समाजात अजूनही आहे. विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याला कागदावर सही करायची की नाही हे ठरवता आलं, नावाहो बाईला ते ठरवता आलं नाही.

अमेरिकेबाहेरचा प्रवास

अमेरिकेला आपल्या चुकांतून जे कळलं, ते इतर देशांनाही हवं होतं. तसंच इतर देशांच्या चुका अमेरिकेला बघायच्या होत्या.

बेनेट यांचे सहकारी वॉल्टर लाउडरमिल्क यांनी १९२० च्या दशकात चीनमध्ये काम केलं होतं. पिवळ्या नदीच्या खोऱ्यातले उघडे डोंगर आणि मंदिरांभोवती राखलेली झाडी यांतला फरक त्यांनी मोजला होता. १९३८ आणि १९३९ मध्ये मृदसंधारण सेवेनं त्यांना युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं. हजारो वर्षं शेती झालेल्या प्रदेशांत माती कुठे टिकली आणि कुठे गेली, हे पाहायचं होतं. उत्तर सीरियात त्यांना ओसाड शहरांचे अवशेष दिसले. भिंती उभ्या होत्या, पण भोवतीच्या टेकड्यांवरची माती खडकापर्यंत धुऊन गेली होती. या दौऱ्यावरची त्यांची छोटी पुस्तिका जगभर वाचली गेली.

बेनेट स्वतः १९४० च्या दशकात व्हेनेझुएलाला गेले. अनेक देशांतले तंत्रज्ञ अमेरिकेत येऊन कामाची पद्धत शिकून गेले. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना म्हणजे एफएओ स्थापन झाली. १९४८ मध्ये या संघटनेनं मृदसंधारणाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर हा विषय एका देशाचा राहिला नव्हता.

एकच उपाय, दोन न्याय

१९४४ मध्ये बेनेट दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथली धूप पाहून त्यांनी अहवाल दिला. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं मृदसंधारण कायदा केला. त्यात अमेरिकेसारखेच जिल्हे, शेतकऱ्यांच्या समित्या आणि आर्थिक मदत होती.

ही मदत प्रामुख्यानं गोऱ्या शेतकऱ्यांसाठी होती. बहुसंख्य कृष्णवर्णीय लोकांसाठी १९३६ च्या कायद्यानं देशाची जेमतेम १३ टक्के जमीन ठरवलेली होती. एवढ्या कमी जमिनीवर इतकी माणसं आणि गुरं कोंबल्यावर तिथे धूप वाढणारच. सरकारनं मात्र जमीन वाढवण्याऐवजी गुरं कमी करायचा हुकूम काढला. ही सक्ती बेनेट यांच्या भेटीच्या आधीपासून सुरू होती आणि नंतरही चालू राहिली. १९५० मध्ये विट्झीशुक भागात याविरुद्ध उठाव झाला. पोलिसांशी झालेल्या चकमकीत माणसं मेली.

शास्त्र दोन्हीकडे तेच होतं. पण एकीकडे बांध घालायला पैसे मिळाले आणि दुसरीकडे गोठा रिकामा करायचा आदेश आला. अशा ठिकाणी मृदसंधारण हा शब्दच लोकांना सरकारी जुलमाचा वाटू लागला. असा अविश्वास एकदा बसला की तो काढणं धुपलेली माती परत आणण्याइतकंच अवघड असतं.

बेनेट यांच्यानंतर

बेनेट १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाले. ७ जुलै १९६० रोजी त्यांचं निधन झालं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांची कबर आहे. त्यांनी उभारलेल्या संस्थेचं नाव १९९४ मध्ये बदललं, पण ती आजही काम करते.

त्यांनी सुरू केलेली गोष्ट जागतिक पातळीवर हळूहळू पुढे गेली. १९८१ मध्ये एफएओच्या सदस्य देशांनी जागतिक मृदा सनद स्वीकारली. १९९४ मध्ये वाळवंटीकरणाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. भारत त्यात सहभागी आहे आणि २०१९ मध्ये त्या कराराची परिषद ग्रेटर नोएडात भरली होती. २०१२ मध्ये जागतिक मृदा भागीदारी सुरू झाली. ५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये मान्य केला. २०१५ मध्ये जुनी सनद नव्यानं लिहिली गेली.

असं असूनही फक्त मातीसाठी, सगळ्या देशांना बंधनकारक असा करार आजही नाही. का?

कारण माती इतर संपत्तीसारखी नाही. हवा सगळ्यांची असते. नदी दोन देशांतून वाहिली तर भांडायला दोघं असतात. पण शेत कुणाच्या तरी नावावर असतं आणि ते एका देशाच्या हद्दीत असतं. तिथे काय करायचं हे बाहेरच्यानं सांगितलेलं ना शेतकऱ्याला आवडतं, ना सरकारला.

आणि तरीही माती सीमा मानत नाही. गोबी वाळवंटाची धूळ कोरिया आणि जपानपर्यंत पोहोचते. सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून जाते. एका देशातलं पीक गेलं की दुसऱ्या देशातलं धान्य महागतं. एफएओच्या मते आपल्या अन्नापैकी सुमारे ९५ टक्के अन्न प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे मातीतूनच येतं.

म्हणून आजचं बरंचसं आंतरराष्ट्रीय काम बेनेट यांनी केलं तसंच, न गाजणारं आहे. मातीचे नकाशे एकमेकांना देणं. मोजमापाच्या पद्धती सारख्या करणं, कारण एकाच नमुन्याचे दोन प्रयोगशाळांत दोन आकडे आले तर तुलना कशी करणार? यासाठी २०१७ पासून जगभरच्या माती प्रयोगशाळांचं एक जाळं काम करतंय. एका देशात जमलेली पद्धत दुसऱ्या देशातल्या तंत्रज्ञाला दाखवणं, हाही त्याच कामाचा भाग.

मोजमाप आणि नकाशे हे काम शास्त्रज्ञ करू शकतात. मात्र शेवटी बांध घालायचा की नाही, गुरं कुठे चारायची, गवताचा पट्टा ठेवायचा की तिथेही पेरायचं, हे ज्याच्या ताब्यात ती जमीन आहे तोच ठरवतो. कून व्हॅलीत त्याला विचारलं गेलं. नावाहो प्रदेशात आणि विट्झीशुकमध्ये विचारलं गेलं नाही. माती वाचवण्याची पुढची कोणतीही जागतिक योजना वाचाल, तेव्हा आधी एवढंच पाहा की त्यात शेतकऱ्याच्या सहीसाठी जागा ठेवलेली आहे का.